निंबोल्याच्या केळीबागेतलं मीठ

बऱ्हाणपूरला जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं आधी किल्ल्याचं विचारतात, मग जमिनीखालच्या कुंड्यांचं आणि शेवटी मावा जिलबीचं. किल्ला मी गाडीच्या काचेतून ओझरता पाहिला. कुंड्या पाहिल्याच नाहीत. जिलबी खाल्ली, तिचं पुढे येईल. बाकीचा सगळा मुक्काम मी निंबोल्याच्या एका केळीबागेत उकिडवी बसून माती उकरत होते. त्यातून जे निघालं ते हौसेनं सांगावं असं नाही. तरी लिहिते आहे, कारण त्या गावात आता एक गोष्ट माझ्या नावानं सांगितली जाते आणि ती तशी घडलेली नाही.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझा स्वतःचा अभ्यास मुळांचा. मातीतले क्षार मुळात कसे शिरतात आणि तिथून झाडाच्या जलवाहिन्यांत कसे पोचतात, एवढाच. या विषयावरून कुणी प्रवासाचं आमंत्रण देईल असं वाटलं नव्हतं. फेब्रुवारीत शैलाचा फोन आला.

शैला माझी एम.एस्सी.ची मैत्रीण. होस्टेलवर आम्ही एका खोलीत होतो. रावेरकडची मुलगी, माझ्यापेक्षा हुशार. मुळाचा आडवा छेद ती ब्लेडनं असा पातळ घ्यायची की सर तिचीच काचपट्टी वर्गात फिरवायचे. निकाल लागला त्याच वर्षी तिचं निंबोल्यात लग्न झालं. नंतर दिवाळीचे फोन, मुलांच्या लग्नपत्रिका, एवढंच राहिलं.

"वसू, आमचा बाग जळतोय," ती म्हणाली. "कुणीतरी मीठ टाकलंय. तू ये आणि सिद्ध करून दे."

मी ऐकलं ते "तपासून दे" असं. शब्द दुसरा होता, हे मला फार उशिरा आठवलं.

निंबोला

बऱ्हाणपूर स्टेशनवर शैलाचा नवरा हेमराज घ्यायला आला होता. उंच, सावळा, कमी बोलणारा माणूस. शहरातून बाहेर पडलो आणि दोन्ही बाजूंनी केळी सुरू झाल्या. पुण्यात केळीचं झाड म्हणजे सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधायचे चार खुंट. इथे क्षितिजापर्यंत तेच. मधूनमधून कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली मोकळी काळी रानं, आणि उत्तरेला सातपुड्याच्या रांगेवर असीरगड, उन्हात करडा. घडांनी भरलेले ट्रक समोरून येत होते. एका ट्रकच्या पाठीमागे मराठीत आईचं नाव होतं आणि त्याखाली हिंदीत शेर. हेमराजचं बोलणंही तसंच. वाक्य मराठीत उचलायचा आणि हिंदीत ठेवायचा.

"मॅडम, आपण आल्या हे बहुत चांगलं झालं. आता दूध का दूध होऊन जाईन."

घरी शैलानं मिठीच मारली. केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता. जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, कांद्याची पात घातलेलं भरीत आणि शेवेची झणझणीत भाजी. आमच्याकडे भरीत म्हणजे वांग्याचं कोशिंबिरीसारखं काहीतरी करून वर दही घालतात हे मी सांगितलं, तेव्हा हेमराज पहिल्यांदा हसला. "दही? मतलब वांग्याले कायची सजा?" मीही हसले. त्या घरात मी मनापासून हसले ती तेवढीच वेळ.

जेवण झाल्यावर शैलानं मागच्या खोलीतून एक रिकामं पोतं आणून माझ्यासमोर पसरलं. आत शिवणीला खडे मिठाचे पांढरे कण चिकटलेले होते.

"बांधावर सापडलं. आमच्या आणि सविताच्या वावराच्या मधल्या बांधावर."

सविता म्हणजे तिची धाकटी जाऊ. हेमराजचा भाऊ योगराज तिकडच्याच एका कागद कारखान्यात नोकरीला, तो कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो आणि सुट्टीला घरी येतो. शेती सविता एकटी बघते. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या त्याला फार काळ झालेला नाही.

"तिनं टाकलं असं म्हणतेस?"

"मी कशाला म्हणू? तू म्हण. तू तपास आणि म्हण."

बाग

बागेत शिरले आणि शैला खोटं बोलत नव्हती हे दिसलं. झाडं माझ्या दुप्पट उंच, पण पानांच्या कडा विडीनं चटके दिल्यासारख्या तपकिरी. खालची जुनी पानं जवळजवळ मधल्या शिरेपर्यंत करपलेली, त्याच्या वरची कमी, शेंड्याचं उलगडतं पान मात्र जवळपास हिरवं. घड निसवले, म्हणजे बाहेर पडले होते, पण फण्या बारीक आणि फळं बोटासारखी. बांध ओलांडला की सविताचा बाग, एकाच वेळी लावलेला, एकाच कंपनीची रोपं. तिथली पानं इतकी हिरवी की बघणाऱ्याला राग यावा.

बांधापलीकडे एक बाई वाळलेली पानं कोयत्यानं काढत होती. डोक्यावर पदर, पायात पुरुषी चपला. तिनं मला बघून कोयता खाली ठेवला आणि स्वतःच जवळ आली.

"तुमीन पुण्याच्या मॅडम ना? मी सविता."

शैला माझ्या मागे होती. ती तशीच थोडं पुढे जाऊन उभी राहिली.

"ताई, ते पोतं माह्यंच आहे," सविता म्हणाली. "मी म्हशीले खडे मीठ देते. रिकामं पोतं बांधावर वाळू घातलं होतं, वाऱ्यानं उडालं. मी कोणाले नाही म्हटलं? सगळ्यायले सांगितलं. तुमीन माह्या वावरातलीबी माती घ्या. पाणीबी घ्या. पूरं तपासा."

मी म्हटलं, "घेईन. दोन्हीकडचं घेईन."

"बस, एवढंच," म्हणाली आणि परत पानं काढायला लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी कामाला लागले. केळीच्या बुंध्याशी जे नवीन रोप फुटतं त्याला तिथे पील म्हणतात. शैलाच्या बागेतलं एक पील मी जमिनीलगत आडवं कापलं, आधी येणारा चिकट चीक पुसून टाकला आणि वाट पाहत बसले. शैलाही शेजारी बसली, साडीचा काचा मारून, अगदी होस्टेलच्या मागच्या बागेत बसायची तशी. हळूहळू कापलेल्या तोंडावर स्वच्छ थेंब यायला लागले. वर पान नाही, ऊन नाही, ओढून घेणारं काहीच नाही, तरी पाणी वर येतं. ते मुळं ढकलतात.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मूळ म्हणजे पाण्यात बुडवलेली वात नव्हे. बाहेरच्या पेशींमधल्या फटींतून पाणी आणि क्षार काही अंतर सरळ आत येतात, पण पुढे पेशींचं एक कडं लागतं. त्या कड्यातल्या फटी मेणचट पट्ट्यानं लिंपलेल्या असतात. इथून पुढे जायचं तर पेशीच्या आतूनच जावं लागतं, आणि पेशीच्या पडद्यात प्रथिनांची बारीक दारं असतात. त्यांना आम्ही आयन चॅनेल म्हणतो. कुठलं दार पोटॅशियमचं, कुठलं नायट्रेटचं, कुठलं कधी उघडायचं, हे ठरलेलं असतं. आत आलेले क्षार मधल्या भागात पोचतात, तिथे जलवाहिन्या असतात. त्या मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या. त्यांच्या कडेच्या जिवंत पेशी पोटॅशियम त्या नळ्यांत सोडतात, तेही वेगळ्या दारांतून. ही दारं फक्त बाहेर सोडण्याच्या कामाची. पूर्वी वाटायचं की नळीत क्षार आपोआप पाझरत असतील. तसं नाही. आत घेण्यावर जसा ताबा असतो तसाच नळीत सोडण्यावरही असतो. जमीन कोरडी पडली की झाड हे सोडणं कमीसुद्धा करतं. नळीत क्षार जमले की त्यांच्या मागोमाग पाणी येतं, दाब वाढतो आणि कापलेल्या पिलावर असे थेंब उभे राहतात.

सोडियम, म्हणजे आपल्या मिठातला अर्धा भाग, केळीला लागत नाही. पण त्याचा विद्युतभार पोटॅशियमसारखाच, त्यामुळे मातीत त्याची गर्दी झाली की ते काही दारांतून घुसतं. घुसलं की पेशीच्या पडद्यावरचा विजेचा ताण बिघडतो आणि आतलं पोटॅशियम उलट मातीत गळायला लागतं. जलवाहिन्यांच्या कडेला अशीही दारं असतात की जी नळीतलं सोडियम परत काढून घेतात. थोडं असेल तर ती पुरतात. रोज येत राहिलं तर पुरत नाहीत. मग ते पाण्याबरोबर पानात जातं, पाणी उडून जातं, मीठ कडेला साठतं आणि कडा जळते. सगळ्यात जुन्या पानात सगळ्यात जास्त, कारण ते सगळ्यात जास्त दिवस पाणी उडवत असतं.

शैलाला यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. मी काचेच्या नळीत थेंब गोळा करत होते तेव्हा जलवाहिन्यांचं इंग्रजी नाव घेऊन तीच म्हणाली, "झायलेममध्ये सोडताना चॅनेल वेगळे असतात हे आपल्या वेळी पुस्तकात नव्हतं ना? मी नंतर वाचलं. मोबाईलवर."

मला फार बरं वाटलं. वाटलं, हिचं काही वाया गेलं नाही.

माझ्याकडे खिशात मावणारी दोन यंत्रं होती, एक सोडियम मोजणारं आणि एक पोटॅशियम. आधी सविताच्या बागेतलं एक पील तसंच कापून त्याचे थेंब मोजले. भरपूर पोटॅशियम, सोडियम नावाला. मग हेमराजच्या बागेतले मोजायला वळले आणि ठिबकच्या नळीत पाय अडकून मी चिखलात पालथी पडले. साडीला केळीच्या चिकाचे डाग पडले, ते आजही गेलेले नाहीत. सोडियमचं यंत्र ओल्या मातीत रुतलं आणि बंद पडलं. आत पाणी गेलं नव्हतं, पण बॅटरीनं मान टाकली होती.

सिंधीपुरा

बटणासारखी ती बॅटरी निंबोल्यात मिळेना, म्हणून शैला आणि मी बऱ्हाणपूर शहरात आलो. सिंधीपुऱ्याच्या एका अरुंद गल्लीत घड्याळजीचं दुकान सापडलं. त्यानं यंत्र उलटंपालटं करून विचारलं, "मैडम, ये शुगर का है?" मी म्हटलं, नमक का. तो म्हणाला, "अच्छा, बीपी का," आणि बॅटरी बसवून दिली.

मग जिलबी. खव्याची, जाड, काळपट तपकिरी, पाकानं जड झालेली. आमच्याकडच्या कुरकुरीत पिवळ्या जिलबीशी तिचं नातं नावापुरतंच. एक खाल्ली की दुसरी खाववत नाही आणि तरी हात जातो. दुकानाबाहेरच्या बाकावर बसून आम्ही खात होतो तेव्हा शैला अचानक म्हणाली, "विहीर तिच्या वाटणीला गेली."

"कुठली?"

"सासऱ्यांनी खोदलेली. गोड पाण्याची. वाटणीत आम्हाला रस्त्याकडची जमीन आली, त्यांना विहिरीकडची. तेव्हा हे म्हणाले, काय हरकत आहे, आपण बोअर करू. केलं. मागच्या उन्हाळ्यात ते आटलं म्हणून अजून खोल नेलं."

"आणि आता बागेला त्याच बोअरचं पाणी?"

"हो."

मी जिलबी पानावर ठेवली. ते पाणी मी अजून तपासलेलं नव्हतं. शैलानं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात काय आलं ते तिला तिथेच कळलं. तिच्या डोक्यात ते आधीपासून असणार.

"वसू," ती म्हणाली, "मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा त्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणलंय. सविता नंतर आली, तेव्हा घरात नळ होता. त्या पाण्यावर माझा हक्क नाही असं मला कुणी सांगू नये."

"ते वेगळं आणि मीठ वेगळं, शैला."

"गावात वेगळं नसतं काही."

परतताना ती फक्त गाडीवाल्याशी हिंदीत बोलत राहिली.

पुन्हा बाग

संध्याकाळपर्यंत सगळं मोजून झालं. हेमराजच्या बोअरच्या पाण्यात सोडियम भरपूर. जिभेवर घेतलं तरी खारट लागत होतं. माती मी ठिकठिकाणी खणली. मीठ होतं ते प्रत्येक ड्रिपरच्या खाली, ओल जिथपर्यंत पसरते तिथे पांढरं कडं धरून. दोन ओळींच्या मधल्या कोरड्या मातीत ते नव्हतं. पिलाच्या थेंबांत सोडियम चढलेलं आणि पोटॅशियम उतरलेलं. जुन्या पानात जास्त, नव्यात कमी. कुणी एखाद्या दिवशी येऊन मूठमूठ मीठ टाकलं असतं तर झाडं एकदम कोमेजली असती आणि मीठ जागोजाग सापडलं असतं. हे महिन्यांचं काम होतं, पाण्याबरोबर रोज थोडंथोडं. त्यात भर म्हणजे पानांच्या कडा जळलेल्या बघून हेमराजनं पोटॅश वाढवलं होतं. तेही क्षारच.

ओसरीवर बसून मी दोघांना सरळ सांगितलं. "भाऊ, हे तुमच्या बोअरनं केलंय. सवितानं नाही. ते पाणी बंद करा किंवा गोड पाण्यात मिसळून द्या, बाग पुष्कळसा सावरेल."

शैलानं विचारलं, "खताच्या टाकीत मीठ टाकलं तर?"

"म्हणजे?"

"ठिबकला खत सोडायची टाकी बांधाजवळ आहे. तिच्यात टाकलं तर प्रत्येक ड्रिपरखाली जाईल की नाही? रोज थोडं टाकलं तर जुन्या पानात जास्त येईल की नाही?"

"शैला, त्याला पोत्यांवर पोती लागतील."

"एक सापडलं. बाकीची मोजायला तू होतीस का?"

"आणि बोअरचं पाणी?"

"आज खारं आहे. मागच्या पावसाळ्यात कुणी मोजलं होतं?"

कुणीच मोजलं नव्हतं. प्रबंध तपासणाऱ्यानं विचारावेत असे ते प्रश्न होते. इतक्या वर्षांनी तिची बुद्धी अशी चमकलेली पाहायला मिळावी आणि ती कशासाठी, तर यासाठी.

"तू मनापासून सांग," मी म्हटलं, "तुला असं झालं असेल वाटतं?"

"मला काय वाटतं ते कुणी विचारत नाही. उद्या पारावर बैठक आहे. तुला विचारतील."

पारावर

मारुतीच्या देवळासमोरच्या पारावर गावातले जाणते जमले होते. मध्ये एक म्हातारे, त्यांना सगळे पटेलबाबा म्हणत. योगराज कारखान्यातून रजा काढून आला होता. हेमराजसारखाच चेहरा, फक्त घाबरलेला. सविता एका बाजूला उभी. शैला माझ्याजवळ.

पटेलबाबांनी हात जोडून नमस्कार केला. "मॅडम, आमी खेड्यातले लोक. एकच सांगा. नमक निकला क्या?"

मी म्हटलं, "निघालं, पण..."

माझं "पण" ऐकू येण्याआधी पारावर कुजबुज उठली. कुणीतरी म्हणालं, "देखा!" मी आवाज चढवून बोलायला लागले. मुळं, आतलं कडं, चॅनेल, जलवाहिन्या, बोअर. माझी भाषा पुस्तकी झाली हे मलाच ऐकू येत होतं, पण घाबरल्यावर मला दुसरी येत नाही. माणसं सभ्यपणे ऐकत होती आणि त्यांचे डोळे थकत चालले होते.

"बाई चांगलं सांगून राहिल्या," पटेलबाबा म्हणाले, "पण समजलं नही काही. शैला, तू शिकलेली आहे. तू सांग बरं."

शैला उठली. डोक्यावरचा पदर नीट केला. मग त्यांच्याच बोलीत, शांतपणे म्हणाली, "मॅडम म्हणतात, झाडाच्या मुळात दारं राहतात. आपल्या झाडात त्या दारांतून मीठ घुसलं. आपल्या मातीचं नही, बाहेरून आलेलं मीठ. पूऱ्या बागेत आहे आणि कितीतरी महिन्यांपासून घुसून राहिलं."

एकही शब्द खोटा नव्हता.

"शैला, पाण्यातून आलं हे सांग!" मी ओरडलेच. "बोअरच्या पाण्यातून! सवितानं टाकलेलं नाही!"

"कोणी टाकलं नाही, हे तुझं यंत्र दाखवतं का?" तिनं मला सगळ्यांसमोर विचारलं.

"यंत्र ते दाखवू शकत नाही, पण..."

पुन्हा "पण". यंत्र खरंच ते दाखवत नाही. मला "हो, दाखवतं" म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही नाही.

"बोअरचं पाणी चाखून बघा," मी म्हटलं. "आत्ता आणा, सगळे चाखा."

तेव्हा मागे बसलेला एकजण म्हणाला, "त्यात काय चाखायचं? माह्याबी बोअरचं तसंच लागते." दुसरा म्हणाला, "माह्याबी." पटेलबाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, मतलब पाण्यानं झालं असन, त मग आमचे बागबी जातीन का?"

खरं उत्तर होतं तेच मी दिलं. "हळूहळू. त्याच पाण्यावर राहिले तर, हो."

माणसं आपापल्या पायांकडे पाहायला लागली. नंतर मी पुष्कळदा विचार केला की नेमकं कधी सगळं हातातून गेलं, आणि मला वाटतं ते तेव्हा गेलं. त्या क्षणी त्यांच्यासमोर दोन गोष्टी होत्या. एकीत सगळ्या गावाच्या बागा होत्या. दुसरीत एक बाई आणि एक पोतं.

पटेलबाबा घसा खाकरून म्हणाले, "पाण्याचं मग पाहू. आज पोत्याचं बोला."

योगराज हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "जे तुमीन ठरवाल ते." त्यानं बायकोकडे पाहिलंही नाही. सविता मात्र माझ्याकडे पाहत होती. पदर दातांत धरला होता, रडत नव्हती. विहिरीचं पाणी दोघा भावांनी निम्मं निम्मं घ्यायचं, पाइप सवितानं आपल्या वावरातून जाऊ द्यायचा, आणि झालं गेलं सोडून द्यायचं, असं ठरलं. "झालं गेलं" या शब्दांत तिनं ते केलं हे मान्य होऊन गेलं होतं.

मला चहा दिला. एका माणसानं माझ्यासोबत फोटो काढला.

निरोप

निघायच्या दिवशी सकाळी मी सविताच्या घरी गेले. ती गोठ्यात म्हशीचं दूध काढत होती. माझ्या चपलांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली आणि पुन्हा धारा काढायला लागली. त्या भागात दारी आलेल्या माणसाला आधी तांब्याभर पाणी देतात, भांडण असलं तरी देतात. तिनं दिलं नाही. मी उभ्या उभ्याच बोलले.

"सविता, मी खोटं बोलले नाही. ते पाण्यातलंच मीठ आहे. मी लिहून देते. कुठे दाखवायचं असेल तर..."

"कोणाले दाखवू?"



बादली बाजूला ठेवून ती उठली. "ताई, तुमीन आल्या नसत्या तं हे भांडण होतं. जावाजावांचं भांडण. भांडण मिटते. पाणी मागितलं असतं तं मी दिलंबी असतं, पण माह्या मोठ्या जावेनं कधी मागितलंच नही. आता शिकलेल्या बाईनं सांगितलं असं झालं. आता हे मिटत नही."

"पण मी तसं सांगितलं नाही गं."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "मी होतीच ना तिथं."

शैलानं वाटेसाठी दराबा बांधून दिला होता, रवा-साखर-तुपाची ती तोंडात विरघळणारी मिठाई. दारात मी तिला विचारलं, "का गं?" ती म्हणाली, "तू परत पुण्याला जाणार. मला इथेच राहायचंय. माझ्या मुलालाही." मग माझ्या साडीवरचा चिकाचा डाग पाहून म्हणाली, "लिंबू लाव त्याला." मी दराब्याचा डबा घेतला. का घेतला कुणास ठाऊक. गाडीत समोरच्या बाईच्या नातीला देऊन टाकला.

त्यानंतर

पुण्याला आल्यावर मी सगळी मोजमापं व्यवस्थित लिहून एक प्रत हेमराजला, एक योगराजला आणि एक ग्रामपंचायतीला पाठवली. कुणाचंही उत्तर आलं नाही.

पावसाळा संपत आला तेव्हा योगराजचा एकदा फोन आला. बायको-मुलांना क्वार्टरवर नेलं होतं. सविताला गावात कुणी काही बोलत नव्हतं, पण हळदीकुंकवाला बोलावणंही बंद झालं होतं. कुणाच्या शेळीचं पोट फुगलं, कुणाच्या मिरचीवर रोग आला, की माणसं तिच्या घराकडे बघायची. जमीन त्यानं भावालाच कसायला दिली होती. "और करता क्या, मॅडम," तो म्हणाला. सविताला फोन दे म्हटलं. म्हणाला, ती स्वयंपाक करते आहे. मागे भांड्याचा आवाज येत नव्हता.

दिवाळीच्या आसपास शैलानं मोबाईलवर एक फोटो पाठवला. हेमराजच्या जुन्या बागेतली करपलेली झाडं काढली होती आणि त्यांच्याच पिलांचा बाग उभा राहिला होता. पानं रुंद, कडा कुठेही जळलेल्या नाहीत. खाली तिनं लिहिलं होतं, "बघ कसा झालाय. गावात सगळे म्हणतात, ती गेली आणि मीठ पडायचं थांबलं."

मी लगेच लिहायला बसले. पावसानं आणि विहिरीच्या गोड पाण्यानं मुळांजवळचं मीठ खाली धुऊन नेलं, नव्या मुळांना आता पोटॅशियम नीट मिळतंय आणि ते नळ्यांत नीट सोडलं जातंय, जे झालं ते तेवढ्यानंच झालं, गावातल्या बाकीच्या बोअरांचं पाणी आजही तसंच आहे आणि पुढच्या वर्षी त्यांच्याही बागा जळतील, तेव्हा कुणाला गावाबाहेर काढाल, असं सगळं लिहिलं आणि पाठवलं.

तिनं ते वाचलं हे मला दिसलं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं.

"मला माहीत आहे, वसू. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच तर तुला बोलावलं. दुसरं कुणी आलं असतं तर बोअरचंच नाव घेऊन गेलं असतं, आणि लोकांनी ऐकलंही असतं. तुला मात्र सगळं समजावून सांगायचं असतं, आणि मग ते लोकांना मला समजावून सांगावं लागतं."